जबलपूरच्या पत्त्यावर

जामुल,
रविवार, दुपार

प्रिय अमरदीप,

सप्रेम जयभीम. पाकिटावर जबलपूरचा पत्ता पाहून तू दचकला असशील. दचकू नको. त्या पत्त्याचं सांगतोच, पण माझ्या चालीनं सांगतो. मले सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तुले माहीतच आहे. तुझी आई म्हणते, हा माणूस मीठ मागायले बी रायपूरवरून फिरून येते. शाळेत मास्तरनं शिकवलेली पत्राची भाषा बी मी विसरलो, म्हून जसं बोलतो तसंच लिहून राहिलो. आधी खुशाली घे. तुझ्या आईचे गुडघे जसेच्या तसे आहेत अन् तोंडही जसंच्या तसंच आहे. तुझी बहीण दीक्षा पीएससीचा अभ्यास करून राहिली, कूलरसमोरची जागा तिनं पक्की धरली आहे. सिमेंटची धूळ यंदा जास्तच आहे, सकाळी झाडलेला ओटा दुपारपर्यंत पांढरा होते. बाकी सगळं ठीक आहे. फक्त होळी गेली, चौदा एप्रिल गेली, बुद्धपौर्णिमा गेली अन् तू आला नाही. रविवारी फोन करतो, ठीक आहे, बिझी आहे, ठेवतो म्हणतो. तुझ्या आईनं कालच हिशोब लावला, म्हणे जानेवारीपासून पोरगं आपल्याशी मिळून एक तास बी बोललं नसेल.

आता माझ्या नव्या उद्योगाचं ऐक. दिवाळीनंतर तू कमांडोच्या निवडीले गेला तेव्हापासून तुझं बोलणं कमी झालं. मी तुझ्या आईले समजावलं, बाई, कमांडो लोकाइचं असंच असते, घरी काही सांगता येत नाही, सगळं सिक्रेट असते. अशा थाटात सांगितलं जसा काही मीच जनरल आहो. तिले पटलं, पण मलेच पटे ना. आपला पोरगा सकाळपासून काय करते, काय उचलते, कोणापासून लपते, हे बापाले माहीतच नसावं? दीक्षाले म्हटलं मोबाईलमधी पाह्य. आपल्या कमांडोइचे व्हिडीओ निघाले, सगळ्याइत मांगून ढोल वाजते अन् कोणी ना कोणी छतावरून उडी मारते. त्यातून मले काही समजलं नाही. मंग शेजारच्या पंजाबरावची रोशनी मार्चमधी सुटीवर आली. ती तिकडं न्यूझीलंडले नर्स आहे ना. पंजाबराव आयुष्यभर मालगाडीचे गार्ड, भितीपलीकडून आपलं सगळं बोलणं ऐकतात, त्याइनंच पोरीले फोन करून सांगितलं असंल की बळीरामले कमांडो शिकायचे आहेत. तिनं तिथल्या कमांडोइचं एक जाडजूड पुस्तक आणलं, फोटोसकट. इंग्रजी आहे. दीक्षा दुपारी दोन पानं वाचते अन् मले मराठीत सांगते, मी तिले आंबा चिरून देतो. असं दोन महिन्यांपासून चालू आहे.

न्यूझीलंड म्हटलं का मले आतापर्यंत क्रिकेटच माहीत होतं. पूर्ण देशात पन्नास लाखाच्या वर थोडीशीच माणसं, अन् आपल्या एकट्या छत्तीसगडात तीन कोटी. मी म्हटलं, एवढ्याशा देशाले कमांडो कावून पाह्यजे बाप्पा? तं झालं असं, एकोणीसशे पंचावनमधी मलायाच्या जंगलात लढाई चालू होती अन् इंग्रजाइले माणसं पाह्यजे होती. या देशानं जाहिरात काढली. अटी पाह्य कशा होत्या. लग्न झालेलं नको, उंची सहा फुटाच्या आत पाह्यजे, अन् दात स्वतःचे पाह्यजे! दाताची अट ऐकून तुझी आई एवढी हसली का तिले ठसका लागला, माझ्याकडं पाहून म्हणे, बरं झालं तुमी तिथं जन्मले नाही. आठशेक लोकाइनं अर्ज केले, शिकवून-शिकवून शेवटी सव्वाशे-दीडशेच्या मधात उरले. कोणी शेतावरचे, कोणी कारखान्यातले. त्याइले जंगलात सोडलं तं कितीतरी आठवडे बाहेरच आणलं नाही. अंगावरचे कपडे सडून गेले म्हणते.

त्याइच्यात तीनातला एक माणूस माओरी होता, म्हणजे त्या देशातले मूळचे लोक. ज्याइच्या आजाइची जमीन गोऱ्याइनं घेतली, त्याइचेच नातू त्या फौजेत सगळ्याइच्या पुढं. अन् मलायाच्या जंगलातले जे आदिवासी होते ना, ते बाकी सैनिकाइले पाहून लपत, पण या माओरी पोराइसोबत त्याइचं जमून जाई. दीक्षा वाचता वाचता थांबली, म्हणे बाबा, हे आपल्यासारखं आहे. मले बी तेच वाटलं. आपल्या लोकाइले गावात पाणी भरू देत नव्हते अन् पलटणीत मात्र बंदूक घेऊन सगळ्यात पुढं उभे करत होते. माझा आजा सांगे, वर्दी घातली का माणूस सरळ चालते. तू पहिल्यांदा वर्दीत आला तेव्हा मी तुझं चालणंच पाहत होतो, बोललो काहीच नाही. बोलायले पाह्यजे होतं.

पुढची गंमत ऐक. हे लोक दोन वर्षं जंगलात राहून घरी आले अन् सरकारनं पथकच मोडून टाकलं! म्हणे आता गरज नाही. मंग दोन वर्षांनी डोकं ठिकाणावर आलं अन् परत उभं केलं. त्यानंतर बोर्निओत गेले, व्हिएतनाममधी गेले, अफगाणिस्तानात गेले. तिथं एकानं गोळ्या चालू असताना जखमी दोस्ताले पाठीवर घेतलं अन् पळत आणलं, त्याले देशातलं सगळ्यात मोठं पदक भेटलं. पण मले खरं नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. त्याइचं जास्तीत जास्त काम म्हणजे गप पडून पाहणं. चार माणसं झुडपात पडून राहतात, चार-चार दिवस, चूल नाही, विडी नाही, खोकला बी नाही. कोण आला, कोण गेला, एवढं पाहतात अन् येऊन सांगतात. मोठ्या देशाजवळ विमानं असतात, तोफा असतात, छोट्या देशाजवळ थोडीशी माणसं असतात, म्हून तो एकेका माणसाले हिऱ्यासारखा घासते. मी तुझ्या आईले म्हटलं, आपला अमर लहानपणी लपाछपीत इतका वेळ लपून राहे का पोरं खेळ सोडून घरी जात, आठवते का? तिले आठवलं.

मागच्या आठवड्यात निवडीचा धडा आला. त्याइच्या हातात पाण्यानं भरलेल्या वीस लिटरच्या कॅन देतात, पाठीवर बोजा, अन् रेतीतून, दलदलीतून चालवतात, जवळजवळ पूर्ण एक दिवस. कोणी रागावत नाही, कोणी शाबास म्हणत नाही. ज्याले जमत नाही त्यानं सांगायचं अन् गाडीत बसायचं. शंभरातले दहा-पंधरा टिकतात. मी दीक्षाले विचारलं, उरलेले पंच्याऐंशी कुठं जातात? ती म्हणे, आपापल्या पलटणीत परत गेले, एवढंच लिहिलं आहे. मी म्हटलं, अजून पाह्य. तिनं मांगची-पुढची पानं पाहिली. एवढ्या जाड पुस्तकात त्या पंच्याऐंशी लोकाइवर एक ओळ आहे फक्त. मले राग आला, खरं सांगतो. ते बी शंभरातलेच होते ना? त्याइच्याही घरी आई होती, बाप होता. ते घरी गेले का नाही, कोणी दार उघडलं, काय खाऊ घातलं, हे कोणी लिहिलंच नाही.

हा प्रश्न मी कावून विचारला, ते आता सांगतो. त्याच्या दोन दिवस आधी नंदिनी नगरचा राजकुमार आपल्या घरी आला होता. तुझ्याच पलटणीतला, तुझा दोस्त. सुटीवर आला होता, म्हणे काका-काकूला जयभीम करून जातो. गल्लीच्या तोंडाशी त्यानं फ्लेक्स पाहिला अन् त्याचं तोंड उतरलं. मले विचारते, काका, ये कब लगाया? मी छाती फुगवून म्हटलं, एक जानेवारीले, शौर्यदिनाले. तो चहा पेत पेत इकडं-तिकडं पाहत होता. मंग मी त्याले गेटपर्यंत सोडायले गेलो तं त्याच्यानं राहवलं नाही. म्हणे काका, आप उसको डांटना मत, अमर तो फरवरी से पलटन में ही है, जबलपूर में. तलावात हातपाय बांधून पाण्यात राहायचं शिकवत होते, तुझा श्वास कोंडला अन् तू हात वर केला, एवढं त्यानं सांगितलं. मी त्याले म्हटलं, बेटा, तुझ्या काकूले सांगू नको. तो गेला अन् मी गेटजवळच्या दगडावर बसून राहिलो.

त्या फ्लेक्सवर तुझा वर्दीतला फोटो, खाली मोठ्या अक्षरात, कमांडो अमरदीप बळीराम नंदेश्वर यांचे हार्दिक अभिनंदन, अन् त्याच्या खाली माझं नाव, पंजाबरावचं नाव, कांताबाईच्या महिला मंडळाचं नाव. तू फक्त म्हटलं होतं की निवडीले चाललो. मी मात्र पेढे वाटून मोकळा झालो. आपल्याकडं पोरगं परीक्षेचा फॉर्म भरते अन् बाप फ्लेक्स छापते, तोच येडेपणा मी केला. वरून फोटो काढून स्टेटसवर टाकला, तो तू पाहिला, मले दिसलं. तिथं थंडीत पाण्यात उतरताना तुझ्या डोक्यात तो फ्लेक्स होता का रे? मी स्वतःले दहा वेळा विचारलं. अन् नंतर तू ज्या गल्लीतून आला असता, त्याच गल्लीच्या तोंडाशी मी तो टांगून ठेवला. सुट्या असून बी पोरगं कसं येईल? चूक माझी आहे, अमर. तुझी एक टक्का बी नाही.

अजून एक आहे. हे लिहायले मले तीन कागद फाडावे लागले. तू चौथीत होता तेव्हा माझे बाबा या विषयावर निबंध लिहिला होता, शाळेत पहिला आला होता. त्यात लिहिलं होतं, माझे बाबा स्टीलच्या कारखान्यात, कोळसा भाजायच्या भट्टीवर, म्हणजे कोक ओव्हनमधी, गॅस रेस्क्यू पथकात आहेत, ते तोंडावर मास्क लावून आत शिरतात अन् लोकाइले वाचवतात. आपल्या भितीवर तो फोटो आहे ना, गळ्यात मास्क लटकवलेला, तो पाहून तू लिहिलं. तो फोटो सेफ्टी वीकचा आहे. मास्क दुसऱ्याचा होता. मी पथकासाठी नाव दिलं होतं, हे खरं. ट्रेनिंगच्या खोलीत धूर सोडला, मास्क घालून आत पाठवलं, अन् एक मिनिट बी झालं नसेल, मले वाटलं आता मरतो. मी मास्क ओढून फेकला अन् दार ठोकत सुटलो. साहेब चांगला माणूस होता, म्हणे बळीराम, तू बाहेर उभा राह. मंग बावीस वर्षं मी बाहेरच उभा राहिलो. आत जाणारा प्रत्येक माणूस आपलं पितळेचं टोकन माझ्या हातात देऊन जाई अन् बाहेर आला का घेऊन जाई. माझ्या हातात टोकन आहे तोपर्यंत जागा सोडायची नाही, मूत लागला तरी नाही, एवढंच माझं काम. वाईट काम नव्हतं ते. पण तू निबंध वाचून दाखवला तेव्हा तुझे डोळे असे चमकत होते का मी नाही म्हटलंच नाही. मंग गल्लीत सगळेच म्हणायले लागले अन् मी तसाच मिरवत राहिलो. तू फौजेत गेला, कमांडो व्हायले निघाला, तो त्या फोटोच्या मांगं गेला, मले माहीत आहे. राजकुमारनं श्वास कोंडल्याचं सांगितलं तेव्हा मले ती धुराची खोली आठवली. तो श्वास माझा आहे रे. माझ्याकडून आला तुझ्याकडं.

आज सकाळी विहारात गेलो. नेहमीसारखं त्रिशरण, पंचशील झालं. मुसावादा वेरमणी म्हणता म्हणता माझी जीभच अडकली, कावून तं इतक्या वर्षांपासून दर रविवारी मी खोटं बोलणार नाही म्हणून राहिलो अन् घरी जाऊन त्या फोटोखाली बसून राहिलो. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली माझी सांगितली, मास्कची. मंग तुझी सांगितली, माझा पोरगा निवडीत गेला होता, टिकला नाही, आपल्या पलटणीत आहे, फ्लेक्स मी घाईनं लावला, तो आज काढून राहिलो. तुले न विचारता तुझी गोष्ट सांगितली, याचा राग आला तर मले रागाव, तुझा हक्क आहे. पण गल्ली तुले मोकळी करून द्यायची होती अन् मले दुसरा रस्ता सुचला नाही. मंग कांताबाई म्हणे, बसा बळीरामभाऊ, घाम पुसा, पुढच्या पौर्णिमेची खीर तुमच्याकडं. लोक हसले. पंजाबरावनं माझ्यासोबत शिडी धरली अन् आम्ही दोघा म्हाताऱ्याइनं तो फ्लेक्स काढला. कोणी काही म्हटलं नाही रे. दोघं-तिघं तं एवढंच म्हणाले, अमरदीप कधी येऊन राहिला?

घरी आलो अन् तुझ्या आईसमोर बसलो. वाटलं, आता ही भांडी फेकते. ती भेंडी चिरत होती, चिरतच राहिली. म्हणे, तुमचं मले लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यातच समजलं होतं, कडाक्याच्या थंडीत बी जो माणूस तोंडावर चादर घेत नाही, तो मास्क काय घालंल? मी म्हटलं, मंग इतकी वर्षं बोलली कावून नाही? म्हणे, पोरगा खूश होता अन् तुमीही खूश होते. तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र तिनं विळी बाजूले ठेवली. पदरानं डोळे पुसले अन् म्हणे, म्हणजे माझं लेकरू चार महिन्यांपासून एकटंच बसून आहे. बस, एवढंच बोलली. तू टिकला का नाही, हे तिनं विचारलंच नाही.

म्हून हे पत्र लिहून राहिलो. मी शुक्रवारी संध्याकाळी दुर्गवरून अमरकंटक एक्सप्रेसमधी बसतो, शनिवारी सकाळी जबलपूरले उतरतो. तुले न्यायले येऊन राहिलो. राजकुमारनं सांगितलं, तुझ्या बऱ्याच सुट्या शिल्लक आहेत, साहेबाकडं अर्ज टाक. आपल्या दोघाइले समोरासमोर बोलता येत नाही, तुलेही नाही अन् मलेही नाही, म्हून जे बोलायचं ते सगळं आधीच इथं लिहून टाकलं. स्टेशनवर भेटला का काहीच समजावून सांगू नको, मी बी काही विचारणार नाही. फक्त बाबा, जेवले का, एवढं विचार. तू कमांडो झाला असता तं मी गल्लीभर नाचलो असतो, खोटं कशाले बोलू. पण तुझी आई दार उघडंल अन् दारात तू उभा राहशील, त्याच्यापुढं तो नाच काहीच नाही. जाताना माझं एकच तिकीट आहे. येतानाची दोन काढली आहेत, रविवारची, खालचा बर्थ तुझ्या नावानं आहे.

तुझाच, अन् आता तुझ्यापासून काहीच लपवून न ठेवलेला,
बाबा